कोणाला सांगू नका

नोव्हेंबर २०२४ मध्ये माझी मावशी दोन दिवस अटकेत होती. दहिसर पूर्वेला, रावळपाड्यातल्या स्वतःच्या वन बीएचकेमध्ये. डायनिंग टेबलवर पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला, त्यात खाकी गणवेशातला एक माणूस, आणि समोर खुर्चीत मावशी. बाथरूमला जायचं तर विचारून जायचं. बेल वाजली तरी दार उघडायचं नाही. रात्री कॅमेरा पलंगाकडे वळवून झोपायचं. तिच्या आधार नंबरवर कुणीतरी परदेशात पार्सल पाठवलंय, त्यात ड्रग्ज सापडलेत, तिच्या नावाने उघडलेल्या खात्यातून काळा पैसा फिरलाय आणि चौकशी संपेपर्यंत ती 'डिजिटल अरेस्ट'मध्ये आहे, असं तिला सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती रिक्षाने बँकेत गेली, एफडी मोडली आणि साडेअकरा लाख रुपये 'पडताळणीसाठी' आरटीजीएस करून आली. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, आजी, एवढी रक्कम कशाला? मावशीने पढवल्याप्रमाणे उत्तर दिलं, भाचीचं लग्न आहे. आमच्या घरात लग्नाची भाची नाही.

मावशी महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवत होती. हे सांगतो, कारण ही गोष्ट ऐकल्यावर निम्मे लोक पहिलं वाक्य म्हणतात ते 'एवढं कसं कळलं नाही?' हे. तिला कळत होतं. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी स्वतः सांगितलं होतं की डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार भारतीय कायद्यात नाहीच. मावशीने तो कार्यक्रम ऐकला होता. तीन आठवड्यांनी फोन आला तेव्हा पलीकडचा माणूसच तिला म्हणाला, "आजकल फ्रॉड बहोत चल रहा है मॅडम, इसलिए हम व्हिडिओ पे आयडी दिखाते हैं." म्हणजे सरकारने दिलेला सावधगिरीचा इशाराही त्यांनी आपल्या स्क्रिप्टमध्ये घेऊन टाकला होता. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे इतक्या लवकर कुठलाही पॅच जात नाही.

१९३० या हेल्पलाइनला आम्ही फोन केला तोवर पैसे जाऊन नऊ तास झाले होते. शहाऐंशी हजार रुपये एका खात्यात गोठवता आले. बाकीची रक्कम चार-पाच खात्यांतून फिरून गेली.

मावशी रडली नाही. ती एकच वाक्य म्हणत राहिली, "मीच दिले रे." हे वाक्य मला त्या रकमेपेक्षा जड वाटलं. घरात चोर शिरला असता तर ती म्हणाली असती, चोराने नेले. तिच्या कथेत चोर चोर राहिला असता आणि ती ती. इथे मात्र कर्ता तीच झाली. फॉर्म तिने भरला, सही तिची, बँकेतल्या मुलीशी खोटं बोलली तीच. आयुष्यभर पोरांना 'खोटं बोलू नका' सांगणाऱ्या बाईला त्या माणसाने खोटं बोलायला लावलं. गुन्ह्याचं काम त्याने तिच्याच हातून करून घेतलं. वस्तू नेणं आणि माणसाची इच्छाच वळवून नेणं यात काहीतरी फरक आहे, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

बँकांचे नियमही नकळत तिच्या बाजूने नसतात. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला चांगलं संरक्षण दिलंय, पण ते 'अनधिकृत' व्यवहारांसाठी. तुमचं कार्ड क्लोन झालं आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर जबाबदारी तुमची नाही. मावशीचा व्यवहार कागदावर अधिकृत होता. तिनेच दिले.

दुसरं नुकसान पंधरा दिवसांनी दिसलं. तक्रारीच्या कामासाठी खऱ्या पोलिसांचा फोन आला. हवालदाराने नाव सांगितलं, पोलीस ठाणं सांगितलं, आणि मावशीने फोन कट केला. त्याने परत केला. तिने नंबर ब्लॉक केला आणि थरथरत मला फोन लावला. मी पोलीस ठाण्यात जाऊन खात्री करून आलो, तो हवालदार खरा होता. चांगला माणूस होता, रागावला नाही. म्हणाला, आता हे रोजचंच आहे, आम्ही खरे आहोत हे आम्हालाच सिद्ध करावं लागतं. पोलिसाचं, कोर्टाचं, सीबीआयचं नाव वापरून फसवणारा माणूस एका बाईचे पैसे नेतोच, शिवाय सरकारचा आवाजही नेतो. तो आवाज सगळ्यांचा असतो. म्हणून अशा फसवणुकीला साध्या फसवणुकीपेक्षा जादा शिक्षा हवी, हे मला तेव्हाही पटत होतं आणि आजही पटतं.

त्या आठवड्यात मात्र मला युक्तिवाद नको होता. मला तो खाकीतला माणूस वीस वर्षं आत हवा होता. जन्मठेप झाली तरी चाललं असतं. रात्री दोन वाजता मी कलमं वाचत बसलो. जुन्या ४२० ची जागा घेणारं भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४): सात वर्षांपर्यंत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-डी, जे मोबाइल-कॉम्प्युटरवरून तोतयेगिरी करून फसवणाऱ्यांसाठीच आहे: तीन वर्षांपर्यंत, आणि गुन्हा जामीनपात्र. हे वाचून मी फोन जवळजवळ भिंतीवर फेकला. मग कलम १११, संघटित गुन्हेगारी: किमान पाच वर्षं, कमाल जन्मठेप, सायबर गुन्ह्यांचा स्पष्ट उल्लेख. पण त्यासाठी गेल्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रं दाखल झालेली असावी लागतात. आपल्या १९९९ च्या मोक्काची वीण तीच आहे. म्हणजे कायद्यात दात आहेत, पण ते आधी कुठेतरी पकडल्या गेलेल्या माणसासाठी.

मग मला माझा मित्र आठवला.

आमच्याच बिल्डिंगमधला, तिसऱ्या मजल्यावरचा. २०१६ मध्ये आम्ही एकोणीस वर्षांचे. मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षात, त्याला बीकॉममध्ये तीन केटी. वडिलांची नोकरी गेलेली. त्याला मीरा रोडला नाइट शिफ्टची नोकरी लागली. दहिसर चेकनाका ओलांडला की मुंबई संपते आणि ठाणे जिल्हा लागतो. ट्रेनने एकच स्टेशन. पंधरा हजार पगार, वर इन्सेन्टिव्ह, एसी ऑफिस. तो म्हणायचा, यूएस टॅक्सचं प्रोसेस आहे. त्याच्या आईने पहिल्या पगाराचे पेढे वाटले. मीही खाल्ले.

ऑक्टोबर २०१६ च्या पहिल्या आठवड्यात ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या त्या कॉल सेंटरांवर रात्री धाड घातली. नवरात्र चालू होतं. सातशेहून जास्त मुलामुलींना ताब्यात घेतलं, सुमारे सत्तर जणांना अटक झाली. अमेरिकेत मेसेज जायचा की तुमचा कर थकलाय. घाबरून माणसाने उलट फोन केला की इथला कुणीतरी तिकडच्या आयकर खात्याचा, म्हणजे आयआरएसचा, अधिकारी बनून बोलायचा. अर्ध्या तासात पैसे भरा, नाहीतर पोलीस दाराशी येतील. पैसे कसे भरायचे? दुकानात जाऊन गिफ्ट कार्ड घ्या आणि मागचा नंबर फोनवर वाचून दाखवा. यामागचा मुख्य सूत्रधार म्हणून ज्याचं नाव आलं तो अहमदाबादचा विशीतला तरुण, एप्रिल २०१७ मध्ये दुबईहून उतरताना मुंबई विमानतळावर पकडला गेला. त्याने मैत्रिणीला दिलेली, पूर्वी विराट कोहलीची असलेली ऑडी हीच लोकांच्या लक्षात राहिलेली बातमी. फसलेल्या एकाही माणसाचं नाव आपल्याकडे कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

माझा मित्र त्या रात्री तिथे होता. हॉलमध्ये रांगेने बसवलं होतं, फोन काढून घेतले होते. जबाब घेऊन त्याला सोडलं. सकाळी तो बिल्डिंगमध्ये आला तेव्हा आम्ही सगळे त्याच्या बाजूचे होतो. माझी आई म्हणाली, पोराला काय माहीत, मालक चोर. मी म्हणालो, आणि हे मी आज लिहितोय कारण ते मला गिळत नाही, मी म्हणालो, "अमेरिकनांचेच पैसे ना यार, त्यांना काय फरक पडतो." सगळे हसले. मावशीही तेव्हा आमच्याकडे आलेली होती. ती हसली होती की नाही ते मला आठवत नाही.

आठ वर्षांनी मी त्याला मावशीचं सांगितलं. आता तो एका लॉजिस्टिक्स कंपनीत आहे, लग्न झालंय. आम्ही दहिसर नदीच्या पुलावर उभे होतो, खाली नदी म्हणवत नाही असं पाणी. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी ओपनर होतो. फोन घ्यायचा, नाव-पत्ता कन्फर्म करायचा, घाबरवायचं, आणि क्लोजरला ट्रान्सफर करायचा. पैशाचं बोलणं क्लोजर करायचा. त्यामुळे पुढे काय झालं ते मला कधीच कळायचं नाही. तेच बरं वाटायचं." एकदा एक म्हातारी त्याला 'सन' म्हणाली होती, आणि माझ्या नवऱ्याला आत्ताच घालवलंय, थोडा वेळ दे, असं. त्याने ट्रान्सफर केला आणि चहाला गेला.

मला हे ओळखीचं वाटलं, आणि ते आवडलं नाही. मी जिथे काम करतो तिथे प्रत्येकाला आपापलं तिकीट दिसतं. एक जण बटण बनवतो, एक जण त्यामागचं लॉजिक, एक जण नोटिफिकेशन. अख्ख्या गोष्टीने कुणाचं काय केलं ते कुणाच्याच स्क्रीनवर नसतं. फसवणुकीच्या धंद्याने कामाची विभागणी आमच्यासारखीच केली आहे, आणि विभागणीचा एक फायदा असा की अपराधही तुकड्यांत वाटला जातो. प्रत्येकाच्या वाट्याला येणारा तुकडा इतका लहान असतो की तो घेऊन झोप लागते.

आता माझ्यासमोर प्रश्न होता. मावशीला फोन करणाऱ्याला वीस वर्षं व्हावीत असं मला वाटत होतं. माझ्या मित्राला वीस वर्षं व्हावीत असं मला वाटत नव्हतं. दोघांनी केलेलं काम एकच. फरक एवढाच की एकाचे पेढे मी खाल्ले होते.

शिक्षा वाढवल्याने काय होतं, हे पाहायला अमेरिकेचा कायदा सोयीचा आहे. १९९४ सालीच तिथे टेलिमार्केटिंग फसवणुकीसाठी वेगळी जादा शिक्षा आली: मूळ शिक्षेवर पाच वर्षांपर्यंत, आणि पंचावन्न वर्षांवरच्या दहा किंवा अधिक लोकांना फसवलं असेल किंवा त्यांना मुद्दाम लक्ष्य केलं असेल तर दहा वर्षांपर्यंत. १९९८ मध्ये तो कायदा आणखी घट्ट केला. मीरा रोडचे फोन गेले ते त्यानंतर अठरा वर्षांनी. माझ्या मित्राने या कायद्याचं नाव ऐकलेलं असणं शक्यच नव्हतं. ज्याला भीती वाटावी म्हणून शिक्षा लिहिली, त्याच्यापर्यंत ती पोचलीच नाही.

मग ती कुणावर पडली? जुलै २०१८ मध्ये ह्यूस्टनच्या कोर्टाने अहमदाबादच्या कॉल सेंटरांशी जोडलेल्या प्रकरणात एकवीस जणांना वीस वर्षांपर्यंतच्या शिक्षा दिल्या. ही मंडळी मुख्यतः अमेरिकेतच राहणारी, पैसे गोळा करून फिरवणारी. मालकांपैकी एक जण सिंगापूरला सापडला म्हणून २०१९ मध्ये तिकडे नेला गेला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्याला वीस वर्षं झाली. तो विमानात बसला नसता तर? कडक शिक्षेचा हा दोष कुठल्याही देशात तोच असतो. ती सर्वांत दोषी माणसावर पडेलच असं नाही, हाताशी असलेल्यावर नक्की पडते. आपल्याकडे हाताशी कोण असतं? ज्याने पाच-दहा हजारांसाठी आपलं बँक खातं भाड्याने दिलं तो कॉलेजचा मुलगा. पोलीस पैशाच्या मागावर जातात तेव्हा पहिलं दार त्याचंच लागतं.

सिंगापूरने नोव्हेंबर २०२५ मध्ये ठकवणाऱ्यांना छडीचे फटके सक्तीचे करणारा कायदा केला: किमान सहा, कमाल चोवीस. खाती आणि सिम पुरवणाऱ्यांनाही बारापर्यंत. बातमी आली तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी पडले. मीही टाकला असता, २०२४ च्या त्या आठवड्यात.

आणि फोन करणारा स्वतःच कैदी असेल तर? संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ च्या अहवालात म्हटलं होतं की म्यानमारमध्ये किमान एक लाख वीस हजार आणि कंबोडियात सुमारे एक लाख लोकांना ऑनलाइन फसवणुकीची कामं जबरदस्तीने करायला लावली जात असावीत. डेटा एंट्रीची नोकरी म्हणून नेतात, पासपोर्ट काढून घेतात. मार्च २०२५ मध्ये आपल्या हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ भारतीयांना परत आणलं. मावशीशी बोलणारा कदाचित त्यांच्यातला असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने तिला विचारलं होतं, "मॅडम, खाना खाया?" आणि मावशीने सवयीने उलट विचारलं होतं, "और आपने?" तो दोन सेकंद काही बोलला नाही. त्या दोन सेकंदांचं काय करायचं हे मला कुठल्याच कलमात सापडलेलं नाही.

मग सगळेच बिचारे, असं म्हणायचं का? नाही. मित्राशी बोलताना मी त्याला शेवटी विचारलं, तुला नक्की कधी कळलं? तो आधी म्हणाला, धाडीनंतर. मग म्हणाला, नाही. म्हणाला, "स्क्रिप्टमध्ये एक ओळ होती. फोन ठेवायचा नाही, घरच्यांना सांगायचं नाही, दुकानात कॅशिअरने विचारलं तर कार्ड गिफ्टसाठी घेतोय म्हणायचं. ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हाच कळलं होतं."

मी मावशीचा फोन घेऊन बसलो. दोन दिवसांत त्या माणसाने पाठवलेल्या मेसेजमध्ये 'किसी को मत बताना' सात वेळा होतं. मीरा रोड २०१६ आणि रावळपाडा २०२४, भाषा वेगळी, देश वेगळा, पण ही ओळ तीच. तिच्याशिवाय हा धंदा चालतच नाही, कारण शेजारणीला एक वाक्य बोललं की खेळ संपतो. आणि कुठल्याही प्रामाणिक कामात ती नसते. आयकर खातं कधी म्हणत नाही की बायकोला सांगू नका. डॉक्टर म्हणत नाही. बँक ओटीपी सांगू नका म्हणते, पण आम्ही फोन केला होता हे लपवा असं म्हणत नाही. ही ओळ मोठ्याने वाचणाऱ्या माणसाला, मग तो पगारी असो की कमिशनवर, आपण काय करतोय हे माहीत असतं. त्याच्या 'मला काय माहीत' ची हद्द तिथे संपते. डोक्यावर बंदूक असेल तर गोष्ट वेगळी, मित्राच्या डोक्यावर वडिलांची गेलेली नोकरी होती, बंदूक नव्हती. त्याला शिक्षा व्हायला हवी होती असं मला आता वाटतं. वीस वर्षं नाही. पण पेढ्यांची आणि हसण्याची भरपाई होईल इतकी, आणि लवकर.

लवकर हा शब्द मी हट्टाने लिहितोय. १७६४ मध्ये बेकारिया या इटालियन माणसाने मांडलं की गुन्हा रोखते ती शिक्षेची खात्री आणि तत्परता, तिची क्रूरता नव्हे. त्याच्या कितीतरी आधी कौटिल्य अर्थशास्त्रात सांगतो की तीक्ष्ण दंडाने लोक बिथरतात, मृदू दंडाला किंमत देत नाहीत, यथार्ह दंडालाच मान मिळतो. आपल्याकडे कडक शिक्षेची उदाहरणं आता आहेत. जुलै २०२५ मध्ये पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या कोर्टाने डिजिटल अरेस्टच्या खटल्यात नऊ जणांना जन्मठेप दिली, त्यांत महाराष्ट्रातलेही होते. १ डिसेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला. मावशीला ज्या संस्थेच्या नावाने धमकावलं, तीच आता खरोखर या मागे आहे. मावशीला हे सांगितलं तर तिने विचारलं, खरी सीबीआय ना?

कायदा बदलायचाच असेल तर मला तो सरसकट वर्षं वाढवणारा नको. सरकारी नाव किंवा गणवेश वापरला, म्हाताऱ्या माणसाला हेरलं, तर जादा शिक्षा असावी. तो भार शिडीच्या वरच्या टोकाला जास्त पडावा, खातं भाड्याने देणाऱ्या पोरावर कमी. आणि काही भार तिथेही पडावा जिथे तुरुंग लागूच नाही. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून अशा फसवणुकीत ग्राहकाने स्वतः पाठवलेले पैसेही बँकांनी भरून द्यायचे आहेत, ८५ हजार पौंडांपर्यंत, निम्मे पाठवणाऱ्या बँकेने, निम्मे घेणाऱ्या. ज्याच्या खिशाला चाट बसते तो काउंटरवर दुसरा प्रश्न विचारतो. मावशीला त्या मुलीने एकच विचारला होता.

मित्र त्या दिवशी पुलावरून निघताना म्हणाला, मावशीला माझं ते मीरा रोडचं सांगू नकोस. मी काही बोललो नाही. महिनाभर ते डोक्यात राहिलं. मग मी त्याला फोन करून म्हणालो, मी नाही सांगणार, तू सांग.

तो एका रविवारी गेला. मी बरोबर नव्हतो. काय बोलणं झालं ते दोघांनीही मला धड सांगितलेलं नाही. मावशी एवढंच म्हणाली की तिने त्याला चहा केला, आणि त्या म्हातारीचं नाव विचारलं, ते त्याला आठवलं नाही. पुढच्या मंगळवारी तिला पुरवणी जबाबाला पोलीस ठाण्यात बोलावलं होतं. माझं रिलीज होतं, म्हणून तो तिला स्कूटरवरून घेऊन गेला. तिथे तीन तास बसावं लागलं.